पलंगाखालची बाजारपेठ

हिंगोलीच्या एका महाविद्यालयात मी एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर मार्केटिंग शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात असू तेवढा वेळ आपण प्राध्यापक. घंटा झाली की आपण नुसते प्रमोद इंगोले. परीक्षा लागल्या की पावसाळ्यापर्यंत मी नक्की कोण असतो, हा प्रश्न घरात दरवर्षी निघायचा. यंदा त्याचं उत्तर अफरोजने आणलं.

अफरोज माझा जुना विद्यार्थी. मार्केटिंगच्या तासाला मागच्या बाकावर बसून वहीत कपाटांची चित्रं काढायचा. त्याच्या वडिलांचा, मोहियोद्दीनभाईंचा, लोखंडी फर्निचरचा कारखाना आहे. पलंग, कपाट, आरशाचं टेबल, असा लग्नात मुलीला द्यायचा सगळा सरंजाम तिथे बनतो. वडील वेल्डिंग करतात, मुलगा फोनवर बोलतो.

"सर, लग्नसराईचा एक प्लॅन बनवून द्या," तो म्हणाला. "तुमी शिकवायचे तसा. मोठा."

मी बारा पानी योजना केली. त्यात एक वाक्य होतं: 'अनपेक्षित संधी उद्भवल्यास योजना लवचीक ठेवून तिचा लाभ घ्यावा.' हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं म्हणून माझ्याही योजनेत होतं. संधी कुठून उद्भवेल याचा विचार पुस्तकांनी केलेला नसतो, मीही केला नव्हता. ती जमिनीखालून आली.

आमच्या जिल्ह्यात जमीन अधूनमधून गुरगुरते. वसमत, औंढा, कळमनुरीकडची गावं त्या आवाजाला इतकी सरावली आहेत की भांडी वाजली तर लोक आधी मांजराला हाकलतात. त्या सकाळचा धक्का मात्र मांजरावर घालण्यासारखा नव्हता. फळीवरचे डबे खाली आले, मी चहाचा कप घेऊन रस्त्यावर आलो, आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक टॉवेलवर आले. कुणाला काही झालं नाही. पण खेड्यांतले लोक त्या दिवसापासून घरात झोपायला तयार होईनात. त्यातच प्रशासनाने ग्रामपंचायतींच्या भोंग्यांवरून सांगितलं की घराच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. आमच्याकडे पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवतात. धक्का बसला तर तेच दगड पत्रा फोडून झोपलेल्याच्या डोक्यात येणार, हे भोंग्याचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं.

चौथ्या दिवशी अफरोजचा फोन आला.

"सर, धंदा ठंडा पडला. लोक नवा पलंग घ्यायचं सोडून जुनाच अंगणात काढून राहिले."

"लोक घाबरलेत," मी म्हणालो.

"हौ."

"घाबरलेला माणूस कुठं शिरतो?"

"आईजवळ," अफरोज म्हणाला.

"त्यानंतर?"

त्याला सुचेना. त्याला कधीच सुचत नसे, म्हणून मी त्याला पास करताना थोडा हात सैल सोडला होता.

"पलंगाखाली," मी सांगितलं. "शाळेत पोरांना बाकाखाली शिरायला शिकवतात की नाही? आपण पलंगाची वरची बाजू विकत होतो, अफरोज. आता खालची विकायची."

मग तो म्हणाला, "सर, तुमी इतके दिवस कॉलेजात काहून वाया गेले?" एकोणीस वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. पुढे जे झालं त्यात या वाक्याचा वाटा मोठा आहे.

मोहियोद्दीनभाईंनी कल्पना ऐकून डोळ्यांवरचा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, पलंग के उप्पर सोते. नीचे पेटी रखते."

"आता माणूस ठेवायचा," मी म्हणालो. "फक्त पाय चौदा इंचांवरून बावीस करायचे, म्हणजे सहज शिरता येईल."

"लंबा करे तो पाय कमजोर होता. चारों तरफ आडी पट्टी मारना पडता."

"आडी पट्टी मारली तर माणूस शिरणार कुठून?"

"तो फिर नक्को घुसो," मोहियोद्दीनभाई म्हणाले आणि चष्मा खाली घेतला.

आडी पट्टी मारली नाही. कारखान्यातले सहा कामगार पलंगावर उभे करून आम्ही व्हिडिओ काढला. सहाही जण हसत होते आणि पलंग जरासा हलत होता. तेवढा भाग अफरोजने कापला. काम झाल्यावर मोहियोद्दीनभाई हात पुसत माझ्याजवळ आले.

"सर, आदमी आहिस्ता चढे. पत्थर आहिस्ता नै गिरता."

अफरोज हसला. मीही हसलो. ते वाक्य मला तिथल्या तिथे समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पलंगाला नाव दिलं 'भूकवच'. पत्रक मी लिहिलं. 'आपल्या माणसांसाठी एवढं कराच' ही पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत सहा माणसांचं वजन. तिसरी ओळ सुचायला मला अख्खी दुपार लागली. गावोगाव लोक दगड काढायला कंटाळत होते. दगड काढले की पत्रे उडायची भीती, आणि चढायला घरात माणूस नाही. ग्राहकाची अडचण ओळखा, असं मी दर वर्षी जूनमध्ये शिकवतो. मी लिहिलं: 'भूकवच घरात असल्यास पत्र्यावरचे दगड काढण्याची कटकट नाही.' आणि तळाला, ठळक अक्षरांत: 'तांत्रिक सल्ला: प्रा. प्रमोद इंगोले, एम.कॉम.' एम.कॉम.चा आणि लोखंडाचा संबंध काय, असं कुणीही विचारलं नाही.

पलंग जाऊ लागले. टेंपो भरून सेनगावकडे गेले, हट्ट्याकडे गेले. अफरोज मला 'सर' ऐवजी 'उस्ताद' म्हणू लागला. मुख्याध्यापकांनीही एक नेला. महिन्याभराने मी म्हणालो की आता योजनेचा पुढचा टप्पा: समाधानी ग्राहकांचे अनुभव, त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच घरात. हट्ट्याच्या अलीकडे एक गाव आहे, तिथे एकाच गल्लीत अकरा पलंग गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. त्या लोकांनी माझं नाव अजून कुठे सांगितलेलं नाही, तेव्हा तेवढं मी पाळायला हवं.

पहिलंच घर पद्माबाईंचं. मुलगा भीमराज पुण्याला एका गोदामात कामाला, त्याने पलंग पाठवला होता. पद्माबाई दारात उभ्या होत्या. मी नाव सांगितलं तसा त्यांनी पदर सारखा केला.

"या सर. कागदावर नाव वाचलं व्हतं तुमचं. प्राध्यापकच आले म्हणल्यावर बसा तरी."

"मालक कुठायत?"

"हाईत की. इथंच हाईत."

खोलीत भूकवच होता. त्याच्यावर घड्या घातलेल्या गोधड्या, एक पत्र्याची पेटी आणि तुरीचं अर्धं पोतं. माणूस दिसेना.

"नमस्कार, सर," पलंगाखालून आवाज आला. "हात जोडता येत न्हाई, समजून घ्या."

मी वाकलो. पलंगाखाली सतरंजी, उशी, पाण्याची बाटली आणि मुंजाजी. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, पद्माबाई म्हणाल्या. उजवी बाजू गेली. धक्का बसल्यावर बाकीचे पळाले, यांना ओढत काढावं लागलं. तेव्हापासून अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. पलंग आला तसं आत आणलं.

"पळता येनाऱ्यानं शिरायचं असतं," मुंजाजी म्हणाले. "मला तर न पळता येतंय, न शिरता. मग म्हणलं आधीच शिरून बसावं."

"सर, बरं वाटून राहिलं आता," पद्माबाई म्हणाल्या. "तुमी बसा. च्या टाकते."

त्या चुलीकडे गेल्या. वाकून माझी कंबर धरली, म्हणून मी फरशीवर मांडी घातली आणि फोन चालू केला. फोनच्या चौकटीत पलंगाचे दोन पाय आणि मधोमध मुंजाजींचं तोंड असं चांगलं बसलं.

"आवाज बराबर येतो का?" त्यांनी विचारलं. "खालून बोलून राहिलो म्हणून इचारलं."

"येतो. काय वाटतं पलंगाबद्दल, ते मोकळेपणाने सांगा."

त्यांनी चुलीकडे नजर टाकली. मग आवाज बारीक केला.

"पाईप किती गेजचा हाय, सर? जाडी म्हणतो मी."

"ते बघावं लागेल."

"कागदावर सल्ला तुमचा हाय ना."

मी फोनची चौकट उगाच सारखी केली.

"तीस वर्सं गवंडीकाम केलं मी," मुंजाजी म्हणाले. "स्लॅबखाली टेकू लावण्यात जिंदगी गेली. असला टेकू मी लग्नाच्या मांडवाला बी दिला नसता. अंगठ्यानं दाबलं तर पाय कुरकुर करतो. रोज दाबून बघतो मी, दुसरं काम काय हाय मला."

"मग इथं का झोपता?"

"तिच्यापायी. अंगणात व्हतो तवा तीन आठवडे बाई झोपली न्हाई. कुत्रं भुंकलं तरी उठून माझं बखोट धरायची, वढायला. दिवसा रोजानं जायची, तिथं उभ्या उभ्या डुलक्या. हे लोखंड आलं तसं झोपती. घोरती बी, तिला सांगू नका." त्यांनी पुन्हा चुलीकडे बघितलं. "तिला ह्यातलं काहीच सांगू नका. तेवढे वरचे दगड काढायची काही तजवीज करा. सतरा हाईत. मीच ठेवलेत, मला म्हाईत हाय कुठला कुठं हाय. एक तर ह्या बाजूला, बराबर माझ्या टाळूवर."

मी वर बघितलं. पत्रा तिथे खाली दबला होता.

शरमेची गोष्ट सांगायची तर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की एवढा भाग कापून बाकीचा व्हिडिओ वापरता येईल का. दुसरा विचार यायला निदान दोन श्वास लागले. दुसरा विचारही फार बरा नव्हता. दगड काढायचे, पण पलंगाला बोल लागू द्यायचा नाही, अशी वाट मला दिसली. योजना लवचीक ठेवायची मला आता सवय झाली होती.

पद्माबाई चहा घेऊन आल्या. मी उठून घसा साफ केला.

"पद्माबाई, कंपनीची एक सेवा आहे. पलंग घेतलेल्या घराच्या पत्र्यावरचे दगड आपण फुकट काढून देतो. आज तुमच्यापासून सुरुवात."

बाजूच्या घरातली एक बाई दारात येऊन उभी होती, चंदाबाई. "फुकट?" ती म्हणाली. "आमी बी घेतलाय पलंग."

"नक्को, सर," पद्माबाई म्हणाल्या. "दगड राहू द्या."

"अहो, धोका असतो."

"धोका तर पलंगानं गेला ना. दगड काढले अन वावधन सुटलं तर पत्रे वड्यात जाऊन पडतील. भीमराज हितं न्हाई. कोन बसविल पुन्हा?"

"तरी पण..."

"थांबा."

त्या आत गेल्या आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. तिच्यात मुंजाजींच्या दवाखान्याचे कागद होते. त्यांतून त्यांनी चार घड्यांचं पत्रक काढलं, उलगडलं आणि बोट फिरवत वाचलं, एकेक शब्द, तिसरी ओळ. मला माझी स्वतःची वाक्यं मोठ्याने ऐकायची सवय नाही. वर्गात पोरं वाचून दाखवत नसत.

"असं लिवलंय," त्या म्हणाल्या. "तुमीच लिवलंय ना?"

"मीच."

"मग?"

पलंगाखालून मुंजाजी खोकले. न बोलण्याची ती खूण होती. चंदाबाईच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले होते. 'अपवादात्मक परिस्थितीत' या शब्दांनी सुरू होणारं एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पत्रक पद्माबाईंच्या हातात होतं. डॉक्टरच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवल्यामुळे त्याला औषधाचा वास लागला होता.

"ते खोटं आहे," मी म्हणालो. "वरचा दगड आला तर पलंग टिकणार नाही. पाय वाकेल. त्याच्याखाली माणूस ठेवू नका."

पद्माबाईंनी पत्रकाची घडी घातली.

"हे तुमाला कवा कळलं?" पद्माबाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवशी."

"मग छापलं काहून?"

मार्केटिंगच्या पेपरात असा प्रश्न मी कधी घातला नव्हता. संधी होती म्हणून, हे खरं उत्तर होतं आणि ते मला त्या खोलीत देता येईना. मी खाली बघत राहिलो. खाली मुंजाजी होते, म्हणून मग भिंतीकडे बघितलं.

पद्माबाई माझ्याशी आणखी बोलल्या नाहीत. त्या पलंगाजवळ खाली बसल्या.

"तुमाला म्हाईत व्हतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"मला काय," मुंजाजी म्हणाले. "मी आपला खाली."

"मी घोरत व्हते अन तुमी जागे."

"दिवसा झोपतो की. मला कुठं कामाला जायचंय."

त्यांनी तुरीचं पोतं उतरवलं, पेटी उतरवली, गोधड्या उतरवल्या. कुणाला हाक मारावी लागली नाही; दारातल्या दोघांनी आत येऊन मुंजाजींना बाहेर ओढलं, पलंगावर घातलं आणि पलंगासकट उचलून अंगणात नेलं. त्या कामाला पलंग चांगला होता. अंगणात टेकवताना एक पाय दगडावर आला आणि आत मुडपला. मुंजाजी एका बाजूला कलले.

"बघा सर," ते म्हणाले. "मी म्हणलं न्हवतं?"

बायकोने त्यांच्याकडे बघितलं तसे ते गप्प झाले.

चंदाबाईच्या घरून शिडी आली. मी चढलो. बावन्नाव्या वर्षी पत्र्यावर चढणारा माणूस आधी किती हलका आणि मग किती जड असतो हे खालच्यांना चांगलं दिसलं असेल. पत्रा तापला होता, म्हणून मी चप्पल घालूनच रांगत होतो. मुंजाजी अंगणातून सांगत होते, "डावीकडं. त्यो न्हाई, त्याच्या मागचा. आता पायाखालच्या पन्हाळीवर भार देऊ नका." सात दगड झाले तेव्हा खिशातला फोन वाजला.

"उस्ताद," अफरोज म्हणाला, "गावातून मला दोन फोन आले. दगड काढायची फ्री स्कीम हाय का म्हून इचारून राहिले. भारी आयडिया हाय, पण मला तरी सांगायचं ना. पत्रकात टाकू का?"

"स्कीम नाही."

"मग काय सांगू लोकांना?"

"सांग, पलंग कामाचा नाही."

"सर, मस्ती करून राहिले का?"

"वडिलांना फोन दे."

मोहियोद्दीनभाईंना मी सगळं सांगितलं.

"पत्रे कसने के हुक होना," ते शेवटी म्हणाले. "कित्ते घर?"

"इथे अकरा. बाकीची गावं वेगळी."

"शाम तक आता मैं," ते म्हणाले. आणि मग, "मैं भी तो बनाया, सर." फोन बंद झाला. माझा अपराध वाटून घ्यायला कुणीतरी निघालं होतं, आणि त्याने मला आणखीच ओशाळं वाटलं.

खाली आता गल्ली जमली होती. "कंपनीकडून हाय म्हणं," एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता. "पलंगावर दगड काढणं फ्री." "आमच्याकडं नंबर कवा लागंल, इचारा की त्या माणसाला." वरून 'नाही' म्हणणं सोपं होतं. मी ते तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात शिडीशी उभ्या पद्माबाई वळल्या.

"कंपनीचं काही न्हाई," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "सरांनी कागदावर खोटं लिवलं व्हतं. म्हून वर चढलेत. ज्यानं ज्यानं पलंग घेतला, त्यानं खालचं माणूस बाहेर काढा."

गल्ली वर बघू लागली. मी गुडघ्यांवर होतो, दोन्ही हातांत मुंजाजींच्या टाळूवरचा तो दगड, आणि तो ठेवायला जागा नव्हती. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दोन-तीन माणसं नुसती मागे फिरली आणि भराभर आपापल्या घरांत शिरली. एका घरातून पोराला हाक मारल्याचा आवाज आला, दुसऱ्यातून काहीतरी ओढल्याचा.

सतरा दगड उतरायला दुपार झाली. मी शिडीवरून उतरलो तेव्हा तळहात सोलले होते. पद्माबाई मुंजाजींच्या डोक्यावर ताडपत्री बांधत होत्या, पूर्वी होती तिथेच. दोर दोनदा सुटला. मी धरायला पुढे झालो, त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतःच धरला.

"आज झोपनार न्हाई ती," मुंजाजी मला हळूच म्हणाले. "म्हणलं व्हतं तुमाला, सांगू नका." मग जरा वेळाने, "पण तुमचं बी बराबर हाय." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते. लकव्याने अर्धा गेलेला माणूस भर उन्हात ताडपत्रीखाली पडून माझी समजूत काढत होता, आणि मी ती काढून घेतली.

सकाळी केलेला चहा उंबऱ्यावर तसाच होता, वर साय धरलेली. पद्माबाई 'प्या' म्हणाल्या नाहीत. कप उचललाही नाही. पाहुण्याचा चहा दुसऱ्यांदा गरम करायचा की नाही, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांनी सोडवला होता. मी उभ्याउभ्या थंड चहा पिऊन टाकला, कप विसळून पालथा ठेवला.

"चंदाबाई, तुमच्याकडं किती आहेत?" मी विचारलं.

"दगड व्हय? मोजले न्हाईत," ती म्हणाली. "या वर अन मोजा."

शिडी तिचीच होती, पण ती उचलायला कुणी हात लावला नाही. मी ती खांद्यावर घेतली.